उठण्यास साहाय्य करणारी विद्युत आरामखुर्ची

गुडघ्यांचा संधिवात, पार्किन्सन किंवा मांड्यांच्या स्नायूंची क्षीणता यांमुळे अनेक ज्येष्ठांना बसल्या जागेवरून उठणे अवघड होते. लिफ्ट रिक्लायनर या विद्युत आरामखुर्चीत रिमोटचे बटण दाबताच मोटर संपूर्ण बैठक पुढे झुकवत सावकाश उचलते आणि व्यक्ती जवळजवळ उभी राहते. वीज गेली, की आडवा झालेला वृद्ध खुर्चीतच अडकून पडू शकतो. म्हणून भारनियमनाच्या भागात बॅटरीची सोय पाहूनच ती घ्यावी.

अमेरिकेतील मेडिकेअर हा सरकारी विमा केवळ उचलणाऱ्या यंत्रणेचा खर्च उचलतो, खुर्चीचा नव्हे. तोही गुडघ्याचा वा खुब्याचा तीव्र संधिवात किंवा चेता-स्नायूंचा गंभीर विकार असलेल्या, साध्या खुर्चीतून मुळीच उठू न शकणाऱ्या, मात्र उभे राहिल्यावर चालू शकणाऱ्या रुग्णांनाच. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. तोल सांभाळता येत नसेल किंवा उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येत असेल, तर हीच खुर्ची पडण्यास कारण ठरते.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. विद्युत आरामखुर्चीचा खर्च मात्र सहसा कुटुंबालाच सोसावा लागतो.