नळदुर्गचा महसूल आणि मेलबर्नचा घोडा

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी 3 वाजता मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर ‘मेलबर्न कप’ची शर्यत सुटते, तेव्हा धाराशिवात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. इकडे मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरत असतात, रब्बीच्या ज्वारीची लगबग असते. तिकडे एक अख्खं शहर सुट्टीवर असतं. मुलाकडे किंवा लेकीकडे म्हणून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मराठी आईवडिलांना या दिवसाचं पहिल्यांदा नवल वाटतं. धर्माचा सण नाही, कुणा पुढाऱ्याची जयंती नाही. फक्त घोडे पळणार म्हणून सरकारी कचेऱ्या बंद! बायका फुलांच्या, पिसांच्या टोप्या घालून निघतात. जिथं सुट्टी नाही त्या राज्यांतही कचेरीतली माणसं घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात आणि शर्यतीच्या वेळी हातातलं काम ठेवून टीव्हीपुढे जमतात. शर्यत संपायला साडेतीन मिनिटंही लागत नाहीत.

तरीही हा दिवस धाराशिवच्या माणसाला वाटतो तितका परका नाही. ज्या घोड्यानं मेलबर्नला ही सुट्टी दिली, त्याच घोड्याच्या व्यापारानं हिंदुस्थानातल्या छावण्या भरल्या. आणि दख्खनच्या ज्या फौजेला घोडे लागत होते, तिचा खर्च भागवण्यासाठी 1853 साली चक्क धाराशिवचा मुलूख लिहून दिला गेला होता.

आधी मेलबर्नचं पाहू. पहिला कप 7 नोव्हेंबर 1861 रोजी धावला. व्हिक्टोरियात 1851 मध्ये सोनं सापडलं आणि दहा वर्षांत मेलबर्न हे मेंढपाळांचं गाव राहिलं नाही, पैसेवाल्यांचं शहर झालं. सिडनीवर मात करायची ईर्ष्याही होती. त्या पहिल्या शर्यतीत 17 घोडे होते. वाटेत तीन घोडे कोसळले, त्यातले दोन दगावले. जिंकला ‘आर्चर’, तोही सिडनीकडच्या न्यू साउथ वेल्सचा. पुढच्या वर्षी तोच पुन्हा जिंकला. 1877 मध्ये मेलबर्नला या दिवसाची सार्वजनिक सुट्टी मिळाली. 1895 साली व्याख्यानांच्या दौऱ्यावर आलेल्या मार्क ट्वेनला हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवसच वाटला. तोच लेखक पुढच्या जानेवारीत मुंबईला उतरला आणि बडोद्याला गायकवाडांच्या राजधानीतही जाऊन आला.

पण घोडा हा ऑस्ट्रेलियाचा मूळचा प्राणीच नव्हे. 1788 मध्ये कैदी घेऊन इंग्रजांची जहाजं तिथं पोचली, त्यांनी वाटेत केप ऑफ गुड होपला घेतलेले मोजके घोडे उतरवले. मोकळी कुरणं, कोरडी हवा, लांब लांब पल्ले. तीन-चार पिढ्यांत त्या जनावराला तिथली जमीन मानवली. शर्यतीसाठी इंग्लंडहून आणलेल्या थरोब्रेड वळूंमुळे अंगात वेग आला, कुरणावरच्या कामामुळे काटकपणा. शर्यतीचा घोडा आणि कामाचा घोडा असे एकाच व्यवसायाचे दोन फाटे झाले. एक फ्लेमिंग्टनला गेला, दुसरा जहाजात चढला.

जहाज यायचं हिंदुस्थानकडे. का, ते समजायला दख्खनमध्ये यावं लागतं.

भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांची घोडदळं उभी राहिली. बुटकं, रुंद छातीचं, मूठभर चंदीवर दिवसभर चालणारं हे जनावर. पागेत बारगिराला सरकारी घोडा असे; शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन चाकरीला येई. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, सरदारांच्या पागा मोडल्या, आणि चांगली घोडी राखण्याचं कारणच उरलं नाही. निजामाच्या मुलखात मात्र घोडदळाची गरज संपली नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या पैशावर चालणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज तिथं उभी राहिली. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या.

फौजेचा पगार थकत गेला, निजामावर कर्ज चढत गेलं. अखेर डलहौसीच्या काळात, मे 1853 मध्ये नासिरुद्दौला निजामाकडून तह करून घेण्यात आला. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडेस्वार आणि चार तोफखाने एवढी फौज ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी सालाना सुमारे 50 लाख रुपये वसुलाचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात द्यायचा. तो मुलूख म्हणजे वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव.

नळदुर्ग हे या नव्या जिल्ह्याचं ठाणं. तिथं कारभार पाहायला आला कर्नल फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीनं इंग्लंडात आधीच गाजलेला हा माणूस. त्यानं नळदुर्गात राहून जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते काढले, महसुलाची घडी बसवली. 1863 मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, ती याच मुक्कामातल्या ओळखीतून. वाचकांनी टेलरची लेखणी लक्षात ठेवली. त्यानं गोळा केलेला पैसा कुठं जात होता, ही बाजू मात्र मागे राहिली. तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिवच्या काळ्या रानातून निघणारा ज्वारी-हरभऱ्याचा सारा स्वारांच्या पगाराला, तोफा ओढणाऱ्या जनावरांच्या चंदी-वैरणीला लागत होता. सात वर्षं हे चाललं. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याची परतफेड म्हणून 1860 च्या तहानं धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिलं.

1857 नंतर गोऱ्या फौजा वाढल्या, तोफखाना तर जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती गेला. जड तोफ ओढायला आणि धिप्पाड शिपाई पाठीवर घ्यायला भीमथडी तट्टू पुरत नव्हतं. इराणी आखातातून मुंबईला येणारे अरबी घोडे देखणे आणि दमदार, पण उंचीला कमी. ही उणीव ऑस्ट्रेलियानं भरून काढली. न्यू साउथ वेल्सचा म्हणून ‘वेलर’ हे नावही त्याला हिंदुस्थानातल्या छावण्यांतच पडलं. मद्रास आणि कलकत्ता ही त्याची मोठी बंदरं. अनेक आठवड्यांचा समुद्रप्रवास उभ्यानं करून आलेलं जनावर उतरवायचं, चालवून पाय मोकळे करायचे, दात नि खूर पाहायचे, मग सरकारी खरेदीदारापुढे उभं करायचं. फौजेसाठी घोडे तयार करणारा एक मोठा डेपो धाराशिवपासून फार लांब नसलेल्या अहमदनगरला होता. 1830 च्या दशकापासून शंभरेक वर्षांत हिंदुस्थानात आलेल्या अशा घोड्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे धरली जाते.

घोडा आला की शर्यतही आलीच. मुंबईचा टर्फ क्लब 1802 चा, पण महालक्ष्मीचं मैदान 1883 चं. दलदलीच्या जागेवर उभारलेल्या या मैदानाची आखणी मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या नमुन्यावर केली, असं सांगितलं जातं. धाराशिवचे मालक तेव्हा हैदराबादेत होते आणि त्यांनाही हा शौक होता. सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानाच्या काळात 1886 मध्ये शर्यती मलकपेठेत आल्या. त्या काळात हिंदुस्थानातल्या शर्यतींत अरबी, वेलर आणि देशी घोडे अशी वर्गवारी असे. कोणत्या घोड्यानं पाठीवर किती वजन घ्यायचं, ते तीवरून ठरे.

मराठी घराण्याच्या नावानं धावलेला सर्वांत गाजलेला घोडा मात्र इंग्लंडात जिंकला, आणि त्याच्या पाठीवर होता ऑस्ट्रेलियन जॉकी. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी एका वर्षाच्या शिंगरासाठी 28,000 गिनी मोजल्या. तेव्हाचा तो विक्रम होता. आपल्या आजोबांचं नाव त्यांनी त्याला दिलं: ‘सयाजीराव’. सप्टेंबर 1947 मध्ये, देश स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, हा घोडा डॉनकास्टरची सेंट लेजर शर्यत जिंकला. जॉकी होता सिडनीचा एडगर ब्रिट. हिंदुस्थानातल्या मैदानांवर नाव कमावून, बडोद्याच्या महाराजांसाठी तो तिकडे गेला होता.

शर्यतीच्या दिवसाचा झगमगाट पाहताना या घोड्यांची दुसरी बाजूही डोळ्यांपुढे हवी. 31 ऑक्टोबर 1917 रोजी पॅलेस्टाइनमध्ये बीरशेबावर ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्सनं जी धाव घेतली ती वेलरांवरून. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, ऑस्ट्रेलियन सेनानी हॅरी शॉवेल यांच्या डेझर्ट माउंटेड कोअरमध्ये हैदराबाद लान्सर्स ही निजामाची पलटणही होती. मेलबर्नचा आणि निजामाच्या मुलखातला स्वार एकाच सेनापतीच्या हाताखाली, एकाच वाळवंटात लढत होता. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं सुमारे 1,36,000 घोडे परदेशी पाठवले. मायदेशी परतला एकच: जनरल ब्रिजेस यांचा ‘सँडी’. बाकीचे मेले, काहींना गोळ्या घालाव्या लागल्या, आणि अनेक इजिप्त नि हिंदुस्थानातल्या फौजांना देऊन टाकले गेले.

ज्या कंटिंजंटसाठी धाराशिव लिहून दिलं गेलं, तिचे रिसाले 1903 मध्ये हिंदी लष्करात मिसळले. त्यांतला ‘20 वा डेक्कन हॉर्स’ 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन धावून गेला. आज ‘डेक्कन हॉर्स’ ही भारतीय सेनेची रणगाड्यांची रेजिमेंट आहे. 1965 मध्ये असल उत्तरच्या रणात तिनं पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना तोंड दिलं. घोडा गेला, नाव राहिलं. त्या नावाच्या मुळाशी नळदुर्गच्या शेतकऱ्याचा सारा आहे, हे जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे.

मग धाराशिवच्या माणसानं घोड्याचा दिवस साजराच केला नाही का? केला, आणि आजही करतो. फक्त पैज लावून नव्हे. इथला घोडा देवाचा. खंडोबा घोड्यावर बसूनच मणी-मल्लांवर चालून गेला. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत त्याची एकच मूर्ती वर्षाचा काळ वाटून राहते, आणि पौष पौर्णिमेला नळदुर्गला यात्रा भरते तेव्हा ‘येळकोट येळकोट’च्या गजरात भंडारा उधळला जातो. मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यात, लोह्याजवळच्या माळेगावला, मार्गशीर्षात खंडोबाचीच यात्रा भरते आणि तिथं घोड्यांचा मोठा बाजार असतो. अकलूजचा दिवाळीतला घोडेबाजारही जवळच. खरेदीदार घोड्याचे भोवरे पाहतो, चाल पाहतो, घोडं एकदा पळवून मागतो. त्या पळण्याभोवती लगेच माणसांचं कडं तयार होतं.

आणि आषाढात रिंगण. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी परंडा तालुक्यातून पंढरीकडे जाते. वाटेत रिंगणं होतात. मैदानात वारकऱ्यांचं गोल कडं, मध्ये पताका, टाळ-मृदंग, आणि त्या कड्यात अश्व सुटतो. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. फ्लेमिंग्टनला गर्दी कोणाचा घोडा पुढे ते पाहायला जमते. रिंगणात मागेपुढे असं काही नसतं, कुणी हरत नाही, तिकीट नसतं, मालकांसाठी वेगळा सज्जा नसतो. तरी त्या काही मिनिटांत श्वास रोखून धरलेली माणसं दोन्हीकडे सारखीच दिसतात. पळत्या घोड्याला पाहून माणसाच्या अंगात जे उसळतं, ते मेलबर्ननं सुट्टी देऊन मान्य केलं आणि मराठी मुलखानं वारीत सामावून घेतलं.

म्हणून पुढच्या नोव्हेंबरात जो कोणी या जिल्ह्यातून मेलबर्नला असेल, त्यानं टोप्यांची गंमत जरूर पाहावी. त्याबरोबर मेलबर्न म्युझियममध्ये जाऊन, 1930 चा कप जिंकणारा ‘फार लॅप’ पेंढा भरून जपलाय तोही पाहावा. एका घोड्याचं कातडं मेलबर्नला, हृदय कॅनबेराला, सांगाडा त्याच्या जन्मदेशी न्यूझीलंडला, इतकं ते लोक त्याला जपतात. आपल्या भीमथडीला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. ती टिकवली ती कुठल्या संस्थानानं वा क्लबानं नव्हे, तर मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबांनी. त्यांचा संसार, कोकरं आणि लहान पोरं आजही याच घोड्यांच्या पाठीवरून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जातात. चराऊ रानं कमी होत चालली असताना या घोड्या राखायच्या असतील, तर वंशावळीची नोंद, तांड्यावर येणारा पशुवैद्य आणि जत्रेतल्या बाजारात भीमथडीसाठी वेगळं प्रदर्शन, एवढ्या तीन गोष्टींपासून माळेगावात आणि अकलूजला सुरुवात करता येईल.