जावास्क्रिप्टमधील ‘ऑब्जेक्ट’ संकल्पना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकभाषेच्या अध्यापनात भाषेचे नियम शिकविले जातात. त्या नियमांमागील इतिहास मात्र बहुधा वगळला जातो. जावास्क्रिप्टच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. जावा किंवा सी प्लस प्लस शिकून आलेला विद्यार्थी ‘आधी क्लास, मग ऑब्जेक्ट’ हा क्रम गृहीत धरतो. जावास्क्रिप्टमध्ये क्लासविना ऑब्जेक्ट तयार होताना पाहून तो गोंधळतो. हा गोंधळ त्याच्या आकलनशक्तीचा दोष नसून भाषेच्या जन्मकथेचा परिणाम आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचे दोन प्रवाह :
ऑब्जेक्ट या संकल्पनेचा उगम नॉर्वेत झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे प्रत्यक्ष व्यवहारांचे संगणकावर अनुकरण करण्याची साधने विकसित करीत होते. त्यातून निर्माण झालेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट व उपक्लास या कल्पना प्रथम एकत्र आल्या. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अ‍ॅलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ या भाषेद्वारे ही कल्पना व्यापक केली. या दोन्ही भाषांत क्लास हा आराखडा आणि ऑब्जेक्ट ही त्यानुसार घडविलेली वस्तू होती.

दुसरा प्रवाह याच केंद्रात १९८६ च्या सुमारास सुरू झाला. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी ‘सेल्फ’ या भाषेची रचना करताना क्लासच वगळला. एक ऑब्जेक्ट तयार करावा आणि इतरांनी त्याचा आधार घ्यावा, अशी ही पद्धती होती. या आधारभूत ऑब्जेक्टला ‘प्रोटोटाइप’, म्हणजेच आदिरूप, असे म्हटले जाते.

१९९५ : दोन प्रवाहांचा संगम :
१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ब्रेंडन आइक यांना ब्राउझरसाठी एक सुलभ भाषा तयार करण्याचे काम दिले. त्याच सुमारास कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावा भाषेशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे नवी भाषा दिसण्यात जावासारखी असावी, अशी व्यवस्थापनाची अपेक्षा होती. आइक यांनी मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तिचे पहिले रूप सिद्ध केले. त्यांनी फंक्शनची कल्पना ‘स्कीम’ या भाषेकडून, प्रोटोटाइपची ‘सेल्फ’कडून आणि बाह्यरूप जावाकडून घेतले. ४ डिसेंबर १९९५ रोजी ‘जावास्क्रिप्ट’ हे नावही जाहीर झाले. अशा रीतीने वेश जावाचा आणि अंतरंग सेल्फचे, अशी स्थिती निर्माण झाली. ‘न्यू’ हा जावातील परिचित शब्द येथे क्लासपुढे न येता साध्या फंक्शनपुढे येऊ लागला.

प्रोटोटाइपचे कार्य :
जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट ही मूलतः नावे व त्यांची मूल्ये यांची नोंदवही होय. ग्रंथालयातील एका ग्रंथाचा ऑब्जेक्ट घेतल्यास त्यात शीर्षक, लेखक व पृष्ठसंख्या यांची नोंद असेल. समजा, शंभर ग्रंथांच्या समान प्रोटोटाइपमध्ये ‘मुदत ७ दिवस’ अशी नोंद आहे. एखाद्या ग्रंथाची मुदत विचारल्यास शोध प्रथम त्या ग्रंथात, तेथे न आढळल्यास प्रोटोटाइपमध्ये घेतला जातो. एका दुर्मीळ ग्रंथात ‘मुदत २ दिवस’ अशी स्वतंत्र नोंद केल्यास ती त्या ग्रंथापुरती राहते. पुढे प्रोटोटाइपमधील मुदत १० दिवस केली, तर नव्याण्णव ग्रंथांची मुदत तत्काळ बदलते. दुर्मीळ ग्रंथाची बदलत नाही. मूल्यांची प्रत काढली जात नाही, केवळ शोधाची साखळी असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पुढील वाटचाल :
जून १९९७ मध्ये ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने भाषेचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीत निवडलेल्या प्रोटोटाइपवरून थेट ऑब्जेक्ट निर्माण करण्याची सोय आली. जून २०१५ च्या आवृत्तीत ‘क्लास’ हा शब्दप्रयोग भाषेत दाखल झाला; तथापि त्यातील पद्धती आजही प्रोटोटाइपवरच ठेवल्या जातात. लेखन सुलभ झाले, मूळ यंत्रणा बदलली नाही.

निष्कर्ष :
क्लासपासून अध्यापनास प्रारंभ केल्यास विद्यार्थ्यास परिचयाचे समाधान मिळते. परंतु एका ऑब्जेक्टमध्ये ऐनवेळी नवी नोंद का करता येते, किंवा प्रोटोटाइपमधील एका बदलाने अनेक ऑब्जेक्ट का बदलतात, याचे उत्तर त्यास सापडत नाही. म्हणून प्रथम साधा ऑब्जेक्ट, नंतर प्रोटोटाइपची साखळी आणि शेवटी क्लास, हा क्रम अधिक उचित ठरतो. भाषेचा विकासही याच क्रमाने झाला आहे. येथे इतिहास हा अभ्यासक्रमाचा अलंकार नसून आकलनाचे साधन आहे.