बँड तीनचा खटका

1993 सालचा पावसाळा. तुम्ही गडमुडशिंगीतल्या एका कौलारू घराच्या सोप्यात बसला आहात. उसाच्या फडावरून ओला वारा येतोय. समोर मागचं झाकण काढलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. गल्लीत नुकतीच केबल आलीय. दूरदर्शन लख्ख दिसतं, झी लावलं की नुसत्या मुंग्या.

"बँड एकवर चित्र झ्याक हाय, तीनवर कायबी न्हाई. वायरचा दोष न्हवं ह्यो," असं म्हणून कोल्हापूरहून आलेले मिस्त्री मल्टीमीटर तुमच्या हातात देतात.

बटण एकवर : ट्यूनरच्या एका पिनेवर 12 व्होल्ट. बटण तीनवर : तेच 12 व्होल्ट शेजारच्या पिनेवर. हुकूम पोचतोय, पण आत कुणी ऐकत नाही.

मिस्त्री ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीचं झाकण उचकटतात. आत तांब्याच्या तारेचे इवलेसे वेढे. "त्येला बोट लावू नका. वेढा सरला की चॅनेल सरलं."

आता नीट बघा, कारण सगळी करामत इथंच आहे. ट्यूनरमध्ये स्वतःची लहर तयार करणाऱ्या ऑसिलेटरला चित्राच्या लहरीपेक्षा कायम 38.9 मेगाहर्ट्झ वर राहावं लागतं. बँड एकमधल्या चॅनेल 4 चं चित्र 62.25 वर, म्हणून ऑसिलेटर 101.15 वर. बँड तीनमधल्या चॅनेल 5 चं 175.25 वर, म्हणजे ऑसिलेटर 214.15 वर. आकडे शेजारशेजारचे, उडी दुपटीहून मोठी! व्होल्टेजनुसार धारकता बदलणारा व्हॅरिकॅप डायोड ऑसिलेटरला बँडच्या आत फिरवतो, पण ही उडी त्याच्या आवाक्यातली नाही. म्हणून दुसरा एक डायोड बसवलाय. 12 व्होल्ट मिळाले की तो कॉइलचा मोठा भाग शॉर्ट करतो आणि ऑसिलेटर वर चढतो. हे दोन्ही बँड व्हीएचएफचे; त्यांच्या वरच्या यूएचएफला तर वेगळाच ऑसिलेटर असतो. तो सुरू झाला की व्हीएचएफवाल्याचा पुरवठा तोडतात. दोघं एकदम चालले, तर लहरी मिसळणाऱ्या मिक्सरमध्ये भलत्याच लहरींचा गोंधळ.

मिस्त्री भिंगातून त्या दुसऱ्या डायोडच्या पायाकडे बोट दाखवतात. झाळीभोवती केसाएवढी गोल चीर. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकतं, राळेचा धूर निघतो, झाळ चकाकते.

बटण तीनवर. मुंग्या विरतात, माणसाचा चेहरा उमटतो. "आलं बगा!"

तुमच्या माळ्यावर असा जुना सेट असेल, तर भंगारात घालण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून ती डबी एकदा उघडून घ्या. नातवंडांनाही दाखवा.