फिरती मानसोपचार सेवा : पुदुकोट्टईचा आदर्श

शरीराप्रमाणे मनालाही व्याधी जडते. ज्वर आला की आपण वैद्याकडे जातो. मनोविकारात मात्र लोकलज्जेस्तव मौन पाळतो. त्यातून खेडेगावातील कुटुंबास मानसोपचारतज्ज्ञ दूरच्या शहरी गाठावा लागतो. एका खेपेस दिवसाची मजुरी बुडते, सोबतीस माणूस लागतो आणि औषध तर दीर्घकाळ घ्यावयाचे असते. परिणामी उपचार मध्येच सुटतात.

उपेक्षेचे फळ किती भीषण असते, हे तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांसाठी खाजगी आश्रयगृहे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांपैकी एकास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. तेथे श्रद्धा होती. तिला उपचाराची जोड नव्हती.

रुग्ण येऊ शकत नसेल तर उपचारानेच त्याच्या गावी जावे, या विचाराने चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने (स्थापना १९८४) २०१० साली पुदुकोट्टई जिल्ह्यात फिरती सेवा सुरू केली. एका बसमध्ये तपासणीचा कक्ष व औषधालय होते. रुग्ण व त्याचे आप्त बसमध्ये बसत आणि चेन्नईतील डॉक्टर पडद्यावरून त्यांच्याशी बोलत. औषधे तेथेच विनामूल्य मिळत. मनोविकारांविषयी माहितीपटही ग्रामस्थांस दाखविले जात.

या सेवेचा खरा कणा म्हणजे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते. रुग्ण शोधणे, कुटुंबाचे समुपदेशन करणे, औषध नियमित घेतले जाते की नाही हे घरी जाऊन पाहणे, ही कामे त्यांची. बस गावातून निघून जाते. कार्यकर्ता गावातच राहतो. म्हणूनच उपचारात खंड पडत नाही.

वाचकांनी पुढील दोन गोष्टी अवश्य ध्यानी ठेवाव्यात. मनोरुग्णास साखळीने बांधणे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये निषिद्ध आहे. तसेच ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

आपल्या परिचयात असे एखादे दुःखी कुटुंब असल्यास त्यांना हा क्रमांक द्यावा आणि पहिल्या भेटीस स्वतः सोबत जावे. नवस अवश्य बोलावा. परंतु औषध चुकवू नये.