दादरहून बोर्डी, बोर्डीहून कोसबाड

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारदरबारी ना वर्ग होता ना अभ्यासक्रम, त्या काळात त्यांच्या शिक्षिका तयार करण्याचं काम खाजगी संस्थांनीच अंगावर घेतलं. नूतन बालशिक्षण संघ हा त्यांतला अग्रणी. १९२६ साली तो भावनगरच्या वातावरणात जन्माला आला. वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई बधेका १९२० पासून तिथे दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेचं बालमंदिर चालवत होते. त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा अनुभव घेऊन आल्या होत्या. बाई मुळात शिक्षिकांना शिकवणाऱ्या. त्यामुळे बालमंदिर काढायचं तर अध्यापन मंदिरही हवं, हे या मंडळींना कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

संघाची 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत निघत होती, १९३३ पासून मराठीतही निघू लागली. ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला, जोडीला प्रशिक्षणाचा वर्ग. येणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांतल्या, शिकलेल्या बाया. शाळामास्तरकी म्हणजे खडू, छडी आणि पाठांतर, एवढंच त्यांनी लहानपणी पाहिलेलं. इथल्या माँटेसरी पद्धतीत मात्र शिक्षिकेला सगळ्यात आधी गप्प बसायला शिकावं लागतं. मूल दट्ट्या चुकीच्या खाचेत घालतंय, तो बसत नाही, ते दुसरी खाच शोधतंय. बाईंनी हात पुढे करायचा नाही, नुसतं बघायचं आणि नंतर वहीत टिपायचं. चूक साधनच दाखवून देतं. वरवर सोपं वाटणारं हे काम चांगल्या शिकलेल्या माणसाला फार जड जातं, असं माझं मत आहे. सांगितल्याशिवाय शिकवल्यासारखं वाटत नाही, ही आपली जुनी सवय.

खुद्द मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला आणि अड्यारला त्यांचे प्रशिक्षणवर्ग झाले. पद्धतीचा गवगवा झाला. पण गुळगुळीत लाकडाचे दट्टे, दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, हे सगळं घ्यायचं तर पैसा लागतो. ते शहरातल्या फी भरणाऱ्या पालकांना परवडत होतं. खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न गांधीजींच्या सहवासात ताराबाईंना छळू लागला. १९४४ च्या सार्जंट अहवालात दहा लाख मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस आली खरी, पण ती कागदावरच राहिली.

१९४५ च्या डिसेंबरात संघानं ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलं. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. मदतीला आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ: बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या, पुण्यात शाळेत शिकवण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या.

बोर्डीत प्रशिक्षणाचा पायाच बदलला. बालवाडी उघडली, तर हरिजनवाड्यातली मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायचं ठरलं; तीच अंगणवाडी. सकाळी वस्तीत जायचं, घरोघर हाका मारायच्या, मुलांना गोळा करायचं, नाकं पुसायची, नखं कापायची, आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हे 'मदतनिसाचं' काम नव्हे, शिकाऊ बाईच्या अभ्यासक्रमाचाच भाग. ज्यांच्या घरात विटाळ पाळला जात होता, अशा मुलींना अस्पृश्यांच्या मुलांचं अंग चोळायला लावणं हा धडा कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकात नव्हता. साधनांचंही तसंच. किनाऱ्यावर शिंपले आणि वाळू, झाडाखाली चिंचोके, पानं, बिया. दोन डब्यांत वाळू, दोनांत चिंचोके, दोनांत खडे भरून झाकणं लावली की आवाजाच्या जोड्या लावायचं साधन तयार. तत्त्व माँटेसरीचंच, फरक इतकाच की ते बाईंना स्वतःच्या हातानं करता यायला हवं, आणि मोडलं तर दुसऱ्या दिवशी नवं.

१९५७ च्या सुमाराला संस्था डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेली. इथे वारली आदिवासींचे पाडे. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडत, म्हणून शाळेपासून त्या दूर. उत्तर निघालं विकासवाडीचं: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. गुरं राखणाऱ्या पोरांना तर वर्गात येणंच शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी शिक्षक फळा घेऊन माळावर गेले, त्या कुरणशाळा. शिवाय रात्रशाळा. दादरला शिकाऊ बाईला मूल कसं पाहायचं हे शिकवलं जाई. कोसबाडला त्याच्या घरातलं दिवसभराचं कामही पाहावं लागे, आणि मग शाळेची वेळ ठरे. मला विचाराल तर संघाची खरी कमाई ही. इतर कुठल्या अध्यापन विद्यालयानं शाळेचं वेळापत्रक गुरांच्या चराईवरून ठरवायला शिकवलं असेल?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. मग अनुताईंनी संस्था सांभाळली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. सरकारी अंगणवाडीत आहार, लसीकरण, वजन, नोंदवह्या असं बरंच काही आलं आणि तेही गरजेचंच होतं. मात्र सेविकेचा बहुतेक दिवस त्यातच जाऊ लागला आणि शिक्षण मागे पडलं. अनुताईंनी १९८२ साली रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी केली, तीही डहाणूच्याच परिसरात. १९९२ मध्ये अनुताई गेल्या.

२०१४ पासून कोसबाड पालघर जिल्ह्यात मोडतं. दरम्यान गल्लोगल्ली खाजगी नर्सरी निघाल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, त्यामुळे तिथल्या बाईंना कोणती पात्रता हवी हे तो सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे. हातातलं काम फारसं न अडता हे व्हावं, म्हणून डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोन वापरावेत असंही त्यात आहे. पडद्यावरून गाणी शिकता येतील, गोष्टीही. वस्तीत सकाळी हाका मारत फिरायला मात्र कुणाला तरी सेविकांबरोबर जावं लागेल, आणि त्या माणसाची तरतूद कुठल्या खात्यातून करायची हे ठरवायचं राहिलं आहे.