लंडनमधला हिब्रू जुळारी

हिब्रू साहित्य म्हटलं की आपल्याला आधी इस्रायल आठवतो. पण आधुनिक हिब्रू कथा, कविता आणि समीक्षा घडली ती ओडेसा, वॉर्सा, व्हिल्ना अशा शहरांत. आणि तीही अशा लोकांमध्ये, ज्यांच्या घरात हिब्रू बोलली जात नव्हती. घरात यिडिश, कचेरीत रशियन, हिब्रू फक्त प्रार्थनेची आणि धर्मग्रंथांची. पाठशाळेत ती घोकलेल्या मुलांपैकीच काही पुढे तिच्यात कादंबऱ्या वाचू लागली. मुलींना बहुधा हे शिक्षण मिळत नसे, म्हणजे वाचकवर्ग मुळातच निम्मा. अशा भाषेचं साहित्य उभं राहिलं ते संपादक आणि छापखान्यांच्या जोरावर, असं मला वाटतं.

१८९१ मध्ये बेन-अविग्दोर यांनी वॉर्साहून स्वस्त हिब्रू पुस्तिकांची माला काढली. १८९६ मध्ये अहद हाआम यांनी ‘हाशिलोआह’ सुरू केलं. संपादन ओडेसात, छपाई परदेशात. पण या सगळ्या धडपडीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो लंडनचा एक प्रयत्न.

योसेफ हाइम ब्रेनर रशियन सैन्यातून पळून १९०४ मध्ये लंडनला आला, तेव्हा बाविशीत होता. व्हाइटचॅपेलच्या ज्यू वस्तीत राहायचा आणि पोटासाठी छापखान्यात खिळे जुळवायचा. आजूबाजूचे शिंपीकाम करणारे स्थलांतरित यिडिश बोलत. रुडॉल्फ रॉकरचं अराजकवादी साप्ताहिकही यिडिशमध्येच निघे, कारण कामगारांपर्यंत पोचायचं तर तीच भाषा हवी. ब्रेनरने मात्र जानेवारी १९०६ मध्ये हिब्रू मासिक काढलं: ‘हामेओरेर’, म्हणजे जागवणारा. १९०५ च्या क्रांतीनंतर रशियात दंगली पेटल्या होत्या, हिब्रू नियतकालिकं बंद पडत होती. कुठेतरी एक तरी दिवा पेटता राहावा, एवढाच हट्ट.

संपादक तोच, बराचसा लेखक तोच, जुळारीही तोच. छापून झालेले अंक तो स्वतःच टपालात नेऊन टाकायचा. वर्गणीदार काहीशेच, तेही बहुतेक समुद्रापलीकडे. १९०७ मध्ये पोचेपच्या पाठशाळेतला जुना मित्र, कथाकार उरी निसान ग्नेसिन, मदतीला आला. एकत्र काम करताना दोघांत दुरावा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मासिक थांबलं.

याच्या अगदी उलट टोकाला आव्राहाम योसेफ श्टीबेल. हा चामड्याचा व्यापारी, पहिल्या महायुद्धात श्रीमंत झालेला. १९१७ मध्ये त्याने मॉस्कोत हिब्रू प्रकाशनसंस्था काढली, दाविद फ्रिशमनला संपादक नेमलं, जागतिक साहित्याचे अनुवाद करून घेतले आणि लेखकांना सढळ हाताने मानधन दिलं. १९१८ मध्ये त्याचं जाडजूड ‘हातेकुफा’ निघालं. पण बोल्शेविक राजवटीला हिब्रू प्रतिगामी वाटू लागली आणि संस्थेला वॉर्सा गाठावं लागलं. १९२१ मध्ये बियालिक आणि इतर हिब्रू लेखक गॉर्कीच्या मध्यस्थीने ओडेसाहून बाहेर पडू शकले.

एकीकडे एका माणसाचे हात, दुसरीकडे एका माणसाची थैली. दोन्हीकडे उणीव एकच: रोजच्या व्यवहारात ती भाषा वापरणारा समाज. तो पॅलेस्टाइनमध्ये तयार होऊ लागला, तसे प्रकाशकही तिकडे वळले. ‘हातेकुफा’ वॉर्सा, बर्लिन, तेल अविव असं फिरत १९५० मध्ये न्यूयॉर्कला संपलं.

भाषा जगली, म्हणून या गोष्टीला यशोगाथा म्हणायचा मोह होतो. मला ते जमत नाही. पूर्व युरोपातल्या ज्या गावांत हे अंक टपालाने पोचत, तिथले ज्यू १९३९ ते १९४५ या काळात मारले गेले. ब्रेनर त्याआधीच, १९२१ मध्ये, जाफाच्या दंगलीत मारला गेला होता. पॅलेस्टाइनला जाऊन त्याला जेमतेम बारा वर्षं झाली होती. ‘हामेओरेर’ काढताना कुणी वाचेल याची खात्री त्याला नव्हती. तरी महिन्यामागून महिना तो खिळे जुळवत राहिला, उजवीकडून डावीकडे.