पांखरांचा ताप आणि माणसाची लस

पावसाळा तोंडावर आला म्हणजे डॉक्टर मंडळी इन्फ्लुएंझाची लस टोंचून घेण्याचा सल्ला देऊं लागतात. इकडे वर्तमानपत्रांत अधूनमधून कोठें तरी कोंबड्यांची साथ पसरल्याची बातमी येतच असते. आणि मग एक प्रश्न हटकून निघतो कीं, ही लस घेतल्यानें पांखरांच्या तापापासून आपला बचाव होईल काय? श्रोतेहो, या प्रश्नाचें सरळ उत्तर 'नाहीं' असें आहे. मोसमी लस ही माणसांत नित्य फिरणाऱ्या तापासाठीं असते. मग पांखरांच्या तापाची भीति असतांना ती घ्यावी कशाला? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत शोधावें लागतें. तोच इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम दोन रोगांची दोन निराळीं चरित्रें होतीं. इ. स. १८७८ मध्यें इटलींतील पेरोन्चितो या पंडितानें कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचें वर्णन लिहून ठेवलें. १९०१ मध्यें असें दिसून आलें कीं, या रोगाचें कारण जंतु अडवणाऱ्या बारीक गाळण्यांतूनहि पार निघून जातें. पण ही गोष्ट पशुवैद्यांपुरतीच राहिली. माणसांच्या तापाशीं तिचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

पुढें १९१८ सालीं ती साथ आली, जिला आपल्या वाडवडिलांनीं 'मानमोडी' असें नांव दिलें. जून महिन्यांत मुंबई बंदराच्या बाजूस पहिले रोगी आढळले, आणि पावसाळा सरतांना दुसरी लाट उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसांत मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या साथींत हिंदुस्थानांत सव्वा कोट ते दोन कोट माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या वेळींहि लसी निघाल्या होत्या. परंतु त्या भलत्याच जंतूंच्या होत्या. शत्रु एक आणि ढाल दुसऱ्यासाठीं घडवलेली, असा तो प्रकार होता.

खरा शत्रु सांपडला १९३३ मध्यें. विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघां इंग्रज संशोधकांनीं तापकऱ्याच्या घशाचें धुवण घेऊन तें फेरेट नांवाच्या, मुंगसाच्या घाटाच्या प्राण्याच्या नाकांत घातलें, आणि तो प्राणी तापानें शिंकूं लागला. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु अशा रीतीनें हातीं आला. तो वाढवावा कोठें, हा प्रश्न थोड्याच वर्षांत सुटला, आणि सोडविला तो कोंबडीच्या अंड्यानें. उबविलेल्या अंड्यांत हा विषाणु उत्तम वाढतो असें दिसून आलें, आणि १९४५ पर्यंत अंड्यांत तयार केलेली लस अमेरिकन सैनिकांना टोंचली जाऊं लागली. आजहि जगांतील बहुतेक इन्फ्लुएंझाची लस अंड्यांतच तयार होते. ज्या जातीला या रोगानें सर्वांत अधिक छळलें, तिच्याच अंड्यांतून आपलें संरक्षण निपजावें, हा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

पण ही ढाल एकदां घडवून कायमची भिंतीस टांगून ठेवतां येत नाहीं. १९४७ च्या हिंवाळ्यांत असें आढळलें कीं, लस घेतलेल्यांनाहि ताप येतो. कारण विषाणूनें आपलें रूप पालटलें होतें. देवीची लस एकदां घेतली म्हणजे पुष्कळ वर्षें निर्धास्त राहतां येई. येथें तसें नाहीं. म्हणून विषाणूच्या बदलत्या रूपावर पाळत ठेवणारें केंद्र लंडन येथें निघालें, आणि १९५२ पासून जगभरच्या प्रयोगशाळा एका जाळ्यांत गुंफल्या गेल्या. लस दरवर्षीं कां घ्यावी लागते, याचें मूळ तेथें आहे.

यानंतर १९५५ मध्यें वेर्नर शेफर या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, कोंबड्यांच्या त्या जुन्या साथीचा विषाणु हा माणसाच्या इन्फ्लुएंझाच्याच कुळांतला आहे. दोन चरित्रें येथें एकत्र आलीं. आणि दोनच वर्षांनीं त्या भाऊबंदकीचा अर्थ जगाला भोगावा लागला.

१७ एप्रिल १९५७ रोजीं मॉरिस हिलमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें वर्तमानपत्रांत हाँगकाँगच्या दवाखान्यांपुढें तापकऱ्यांची रीघ लागल्याचें वाचलें. त्यानें तेथून नमुना मागविला व तपासून पाहिला, तों हा विषाणु बहुतेकांच्या रक्ताला अगदीं अपरिचित निघाला. आतां लस हवी, तर अंडीं हवींत. आणि अंडीं फळावयास कोंबडे हवेत. अंडीं उबविण्याचा हंगाम संपला कीं शेतकरी कोंबडे मारून टाकीत. तेव्हां यंदां कोंबडे मारूं नका, असा निरोप त्यानें लस बनविणाऱ्या कारखान्यांमार्फत शेतकऱ्यांना धाडला. त्या दूरदृष्टीमुळें सुमारें चार कोटि मात्रा तयार झाल्या. आपल्याकडे हीच साथ मे १९५७ मध्यें समुद्रमार्गें मद्रासेस उतरली आणि तेथून देशभर पसरली.

हा नवा विषाणु आला कोठून? इन्फ्लुएंझाच्या विषाणूचें बीज आठ सुट्या तुकड्यांत असतें. माणसाचा विषाणु आणि पांखरांचा विषाणु हे दोन्ही एकाच वेळीं एकाच देहांत शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावे तसे हे तुकडे मिसळतात, आणि त्यांतून एखादा अगदींच नवा डाव निघतो. १९५७ च्या विषाणूंत तीन तुकडे पांखरांकडचे होते. १९६८ च्या हाँगकाँगच्या साथींत दोन. हा संकर डुकरासारख्या प्राण्याच्या देहांत होऊं शकतो, तसाच माणसाच्याहि देहांत होऊं शकतो.

ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे १९९७ सालीं हाँगकाँगांत शास्त्रज्ञांची झोंप कां उडाली, हें कळतें. त्या वर्षीं कोंबड्यांचा 'एच ५ एन १' हा विषाणु थेट माणसांत शिरला. १८ जणांना बाधा झाली आणि ६ जण मृत्यु पावले. सरकारनें शहरांतील यच्चयावत् कोंबड्या, दहा लाखांहून अधिक, थोड्या दिवसांत मारविल्या. २००३ पासून जगांत या विषाणूचे नऊशेंहून अधिक रोगी नोंदले गेले, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्मे दगावले. सुदैव एवढेंच कीं, माणसाकडून माणसाकडे सहज जाण्याची विद्या त्याला साधलेली नाहीं. माणसाच्या नेहमींच्या तापाला मात्र ती विद्या पूर्ण अवगत आहे. या दोघांची गांठ एका देहांत पडूं न देणें, हेंच सारें मर्म होय. म्हणूनच जानेवारी २००४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें असा सल्ला दिला कीं, रोगट कोंबड्या हाताळणाऱ्या कामगारांना त्या सालची मोसमी लस द्यावी.

फेब्रुवारी २००६ मध्यें हें संकट आपल्या दारीं आलें. नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें, हिंदुस्थानांत प्रथमच, या विषाणूचा शोध लागला. लाखों कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. कुक्कुटपालनावर पोट असलेलीं कुटुंबें बसलीं. आरोग्यखात्याचे लोक घरोघर ताप आलेला कोणी आहे काय, हें विचारीत हिंडत होते. संशयितांचे नमुने तपासले गेले, आणि त्यांत पांखरांचा ताप आढळला नाहीं. परंतु विचार करा : साधा ताप गांवांत जितका अधिक, तितका खरा रोगी ओळखणें कठीण. मोसमी लसीनें साधा ताप कमी केला, तर निवड सोपी होते. हा तिचा दुसरा उपकार.

लसीविषयीं शंका घेणारेहि असतात, आणि त्यांची शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. १९७६ मध्यें अमेरिकेंत डुकरांच्या तापाची साथ येणार अशा भीतीनें चार कोटींहून अधिक लोकांना लस टोंचली. साथ आलीच नाहीं, पण लाखांत सुमारें एकास हातपाय लुळे पडण्याचा विकार जडला, आणि डिसेंबरांत ती मोहीम थांबवावी लागली. यावरून धडा घ्यावयाचा तो हा कीं, लस देणाऱ्यानें लाभ व धोका दोन्ही स्पष्ट सांगावेत. मोसमी लसीचा लाभ मात्र उद्यांच्या संकटावर अवलंबून नाहीं. साधा म्हटला जाणारा हा तापच दरवर्षीं जगांत सुमारें २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसांचा श्वास हिरावून नेतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत हा पांखरांचा विषाणु दुभत्या गाईंत आढळला, तेव्हां तेथील गोठ्यांत राबणाऱ्या मजुरांना मोसमी लस देण्याची तजवीज सरकारनें केली. फिनलंडनें तर त्याच वर्षीं अशा कामगारांसाठीं खास पांखरांच्या तापाची लस आणविली. यांतलें तत्त्व आपण ओळखलें पाहिजे. शहरांतला सुशिक्षित मनुष्य बातमी वाचून भितो आणि लस टोंचून घेतो, हें चांगलेंच आहे. परंतु दोन विषाणूंची गांठ पडण्याचा संभव त्याच्या दिवाणखान्यांत नाहीं. तो खुराड्यांत, कोंबड्यांच्या बाजारांत, ओझें वाहणाऱ्या टेंपोंत आहे. तेथें काम करणाऱ्यास लस घेण्यासाठीं एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत असेल, तर ती भरून देणें ही दया नव्हे. तें आपलें स्वतःचेंच संरक्षण आहे. १९५७ मध्यें एका मनुष्यानें वेळीं सांगितलें म्हणून कोंबडे वांचले आणि त्यांच्या योगें असंख्य माणसें. खुराड्यांत राबणाऱ्या माणसाची काळजीहि तशीच वेळीं, साथ येण्यापूर्वींच, घेतली गेली पाहिजे.